बारा व्होल्टचा भास

पातं खाली जातं, पण वर येत नाही. डावीकडे वळतं, उजवीकडे नाही. कधी काहीच होत नाही, जॉयस्टिकवरचा दिवा मात्र छान लागलेला असतो. पिकअप ट्रकला पुढून बर्फ लोटायचं पातं, म्हणजे स्नोप्लाऊ, लावून हिवाळाभर कमाई करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक अशाच सुरू होतात. पुढचं बोलणंही ठरलेलं असतं. "मीटर लावून बघितलं, बारा व्होल्ट येताहेत. म्हणजे वायरिंग ठीक आहे. मोटरच गेली." यातलं पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं आणि तिसरं बहुधा खोटं, आणि त्या तिसऱ्यापायी शेकडो डॉलर मोजून नवी मोटर येते. तीही फिरत नाही.

हे यंत्र मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या बर्फाळ पट्ट्यातलं. ईरी किंवा ओंटारिओसारख्या सरोवराचं पाणी हिवाळ्याच्या तोंडावर अजून उबदार असतं. त्यावरून उत्तरेची गार हवा वाहत आली की वाटेत बाष्प उचलते आणि पलीकडच्या काठावर रिकामी होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत ८० इंच बर्फ पडला, म्हणजे दोन मीटर. २०१७ च्या नाताळला पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात एकाच दिवसात ३४ इंच. मोठे रस्ते सरकारी अवजड ट्रक साफ करतात. दुकानांचे वाहनतळ, शाळांची आवारं, घरांपुढचे रस्ते यांचं काम मात्र खाजगी ठेकेदारांकडे असतं आणि त्यांच्याकडे फोर्ड एफ-२५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० यांसारखा पिकअप आणि पुढे साडेसात-आठ फुटांचं पातं असतं. न्यू जर्सी, डेट्रॉइट, शिकागो, टोरोंटोकडच्या मराठी घरांना या मंडळींची गरज पक्की ठाऊक आहे: सरकारी ट्रक रस्ता साफ करून जातो आणि जाताना आपल्या फाटकाच्या तोंडाशी घट्ट दाबलेल्या बर्फाचा गुडघाभर वरंबा ठेवून जातो.

दुकान सकाळी उघडायच्या आत आवार मोकळं हवं, त्यामुळे काम रात्री चालतं आणि बिघाडही रात्रीच होतात. बोटं बधिर झालेली, पुढच्या तीन गिऱ्हाइकांचे फोन वाजताहेत, अशा वेळी माणूस विचार करत नाही, सुटे भाग बदलतो. या प्रकरणाचा सगळा भर त्याच्या उलट बाजूला आहे. प्लाऊच्या विजेच्या बिघाडात सुटा भाग सहसा शेवटी बदलायचा असतो, आणि पुष्कळदा बदलायचाच नसतो.

आधी यंत्र. पातं आणि त्याची चौकट मिळून तीनशे-चारशे किलोंचं धूड. ते हलवायला तेलाचा दाब लागतो. पुढे एक लहान पंप, त्याला जोडलेली बारा व्होल्टची डीसी मोटर, पातं उचलायला एक सिलिंडर आणि डावं-उजवं वळवायला दोन. पंप तेल ढकलतो. ते कोणत्या सिलिंडरकडे जायचं हे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि व्हॉल्व्ह उघडतात ते त्यांच्यावर बसवलेल्या कॉइलच्या चुंबकत्वाने. चालकाच्या हातात फक्त कंट्रोलर, म्हणजे बटणं किंवा जॉयस्टिक.

म्हणजे एकाच बॅटरीतून दोन अगदी निराळ्या प्रवृत्तीचे प्रवाह निघतात. मोटरला भर असताना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, म्हणून तिच्या वायरी अंगठ्याएवढ्या जाड. कॉइलला दीड अँपिअर पुरतो. तिची वायर सुतळीसारखी. दोघांच्या मधे मोटरचा रिले. बटण दाबलं की त्याच्या छोट्या टर्मिनलना किरकोळ प्रवाह मिळतो, आत तांब्याची चकती सरकते आणि दोन जाड बोल्ट जोडले जातात. ट्रकच्या जाळीजवळ दोन-तीन मोठे प्लग असतात. उन्हाळ्यात प्लाऊ काढून ठेवता यावा म्हणून सारी वीज त्यांच्यातून जाते. त्या प्लगांबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

आता तक्रारीकडे पुन्हा बघू. पातं खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. तिथे मोटरचं काही काम नाही. एक व्हॉल्व्ह उघडला, तेल टाकीत परत गेलं, पातं उतरलं. वर जायला मात्र मोटर हवी आणि व्हॉल्व्हही. तेव्हा "खाली जातं, वर येत नाही" हे ऐकल्याबरोबर निम्मं यंत्र संशयातून सुटलं: कंट्रोलरला वीज मिळते आहे, त्याचा फ्यूज शाबूत आहे, निदान एक कॉइल आणि तिची वायर धड आहे. जॉयस्टिक उघडून बसायचं काही कारण नाही. राहिली मोटरची जाड वाट, तिचा रिले आणि उचलण्याची कॉइल. मोटरचा आवाज येतो का? येत असेल तर कॉइल बघा. येत नसेल तर रिलेचा "टक्" ऐकू येतो का? टक् येतो आणि मोटर गप्प, तर रिलेच्या आतले संपर्क जळालेत किंवा जाड वायरीच्या वाटेत कुठे तरी अडलंय. टकही नाही, तर रिलेच्या छोट्या टर्मिनलकडे येणारी बारीक वायर धरून मागे जा.

याचा सर्वांत सुंदर नमुना क्लीव्हलँडच्या मेयर कंपनीच्या जुन्या ई-४७ पंपात सापडतो. त्यात तीन कॉइल: काळ्या वायरीची उतरवण्याची, लाल वायरीची उचलण्याची, हिरव्या वायरीची डावीकडे वळवण्याची. उजवीकडे वळायला कॉइलच नाही. नुसती मोटर फिरली की तेल आपसूक त्या सिलिंडरकडे जातं. त्यामुळे "वर" दाबलं आणि पातं उजवीकडे वळलं, असा वेडगळ वाटणारा प्रकार घडतो, आणि नवखा माणूस कंट्रोलर बिघडला म्हणून कपाळावर हात मारतो. खरं तर पंपाने स्वच्छ कबुलीजबाब दिलेला असतो: मोटर फिरली, लाल वायरीची कॉइल जागी झाली नाही. "डावीकडे" दाबून उजवीकडे गेलं तर हिरवी. मीटर खिशातून काढायच्या आधीच निदान लाल वायरीपर्यंत येऊन थांबलेलं असतं. वेस्टर्न, फिशर, बॉस या कंपन्यांच्या यंत्रांत कॉइलांची जुळणी निराळी असते, पण प्रत्येकाच्या पुस्तिकेत कोणत्या हालचालीला मोटर आणि कोणत्या कॉइल लागतात याचा तक्ता असतो. तो तक्ता छापून ट्रकच्या कप्प्यात ठेवणारा ठेकेदार मला मीटर बाळगणाऱ्यापेक्षा जास्त शहाणा वाटतो.

कॉइल जागी होते की नाही हे बघायला महागडं उपकरण लागत नाही. जोडीदाराला बटण दाबून धरायला सांगायचं आणि कॉइलच्या माथ्यावरच्या नटाजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हर न्यायचा. ओढ जाणवली तर चुंबकत्व आहे. चुंबकत्व आहे, मोटर फिरते आहे, तरीही पातं हलत नाही, तर विजेची बाजू संपली. तेलात पाणी शिरून ते गोठलं असेल, तेलाची गाळणी तुंबली असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल. ओढ नसेल तर दोन कॉइलच्या वायरी आपसांत बदलून बघायच्या. बिघाड वायरीबरोबर सरकला तर दोष मागच्या बाजूला, प्लगात किंवा कंट्रोलरमध्ये. जिथल्या तिथे राहिला तर कॉइल किंवा व्हॉल्व्ह दोषी. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य.

इथपर्यंत सरळ आहे. फसवणूक सुरू होते ती मीटरपाशी.

समजा, उचलण्याच्या कॉइलची वायर प्लगात गंजली आहे. तांब्याच्या तारांपैकी एखाददुसरी कशीबशी टेकलेली, बाकी हिरवी भुकटी. त्या सांध्याचा रोध वाढून दहा ओहम झाला. वायर कॉइलवरून काढून टोकाला मीटर लावला तर मीटर सांगेल १२.६ व्होल्ट. खोटं सांगत नाही तो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. त्यातून जाणारा प्रवाह इतका नगण्य की दहा ओहमच्या अडथळ्यावर काही सांडतच नाही. आता तीच वायर कॉइलला जोडा. कॉइल साधारण आठ ओहमची. वाटेत दहा, कॉइलमध्ये आठ. बारा व्होल्टांपैकी पावणेसात सांध्यावरच खर्च आणि कॉइलला उरतात सव्वापाच. व्हॉल्व्ह उघडत नाही. वायर काढून मीटर लावणं म्हणजे रिकामा पोहरा विहिरीत सोडून दोर पारखणं. जीर्ण दोरालाही रिकामा पोहरा पेलतो, भरून ओढला की कळतं.

म्हणून जुने वायरमन मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतात. साधा फिलामेंटचा दिवा थोडा तरी प्रवाह खातो, त्यामुळे सडलेल्या वायरीवर तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. जुन्या, नुसत्या स्विच-रिलेच्या प्लाऊवर हे उत्तम चालतं. नव्या यंत्रांत मात्र इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात. तिथे दिसेल त्या वायरीला दिवा टेकवला तर मॉड्यूलच्या नाजूक आउटपुटवर नको तेवढा भार पडू शकतो. तिथे वायर जोडलेलीच ठेवून, बटण दाबून, कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरची बारीक सुई सरकवून मोजलेलं बरं.

जाड वायरींचं गणित याहून गमतीचं, कारण तिथे रोध इतका कमी असतो की साध्या मीटरला तो मोजताच येत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर थोडा गंज चढला आणि रोध ०.०२ ओहमने वाढला असं धरा. मीटर ओहमवर लावलात तर त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध याहून जास्त भरेल. निकाल येईल "शून्य, सगळं ठीक". पण त्याच सांध्यातून मोटरचे १५० अँपिअर जाऊ लागले की तिथे तीन व्होल्ट गळतात. बारातले तीन गेले, आणि प्रवाह कमालीचा असल्याने त्या एवढ्याशा गंजात ४५० वॅटची उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं हत्यार साठ वॅटमध्ये धातू वितळवतं. प्लाऊच्या प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडून वाकलेलं दिसतं ते यामुळे. गंमत अशी की तोच सांधा कॉइलच्या दीड अँपिअरला जाणवतही नाही. तिथे अवघा ०.०३ व्होल्ट पडतो. पातं खाली झकास जातं, वर जाताना मोटर कण्हते.

अशा वेळी रोध मोजायचा नाही, गळती मोजायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, नुसत्या शिशावर. त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला राखाडी थरच अनेकदा गुन्हेगार असतो. दुसरं टोक थेट मोटरच्या बोल्टवर. बटण सोडलेलं असताना मीटर जे दाखवील त्याकडे लक्षच द्यायचं नाही. आता "वर" दाबा. मोटर ओढत असतानाचा जो आकडा दिसेल ती त्या सगळ्या वाटेवरची गळती. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली. तीन दाखवत असेल तर वाटेचे तुकडे पाडा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते रिले, रिलेच्या एका जाड बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून प्लग, प्लगच्या अलीकडून पलीकडे, मग मोटर. कुठल्या तरी एका तुकड्यावर आकडा उडी मारतो. दोष तिथे.

आणि मग तीच कसरत ऋण बाजूने. बॅटरीचा ऋण खांब आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये मीटर, बटण दाबलेलं. ही अर्धी तपासणी जवळजवळ सगळेच गाळतात. वीज येते कशी हे बघायला लोक उत्सुक असतात. परत जाते कशी याची फिकीर कोणाला नसते. माझ्या मते प्लाऊच्या विचित्र, एकमेकांशी न जुळणाऱ्या तक्रारींचं मूळ शोधायला आधी अर्थिंगकडेच जावं. कारण मोटर आणि कॉइल दोघींचा परतीचा रस्ता पुष्कळ यंत्रांत एकच असतो. अर्थिंगचा सांधा सैल असेल तर मोटर सुरू झाल्याबरोबर प्लाऊची सगळी लोखंडी चौकट बॅटरीच्या शून्यापेक्षा तीन-चार व्होल्ट वर चढते. कॉइलला वरून बारा मिळत असले तरी खालून चार कापले गेले. व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, पातं वळता वळता उचकतं, मॉड्यूल असेल तर ते बिथरून बंद पडतं आणि कंट्रोलरवरचे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, कंट्रोलर खराब. कंट्रोलर बिचारा बरोबर वागत असतो.

दिव्यांवरूनही अर्थिंग ओळखता येतं. पातं उचललेलं असताना ट्रकचे मूळ हेडलाइट झाकले जातात, म्हणून प्लाऊच्या चौकटीवर वेगळे हेडलाइट आणि इंडिकेटर असतात. इंडिकेटर लावला आणि त्याच्या तालावर हेडलाइट मंद-तेज होऊ लागला, तर परतीची वाट तुटल्याने प्रवाह शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून घुसून घरी जायचा रस्ता शोधतो आहे. बल्ब बदलून उपयोग नाही.

हे सारं इतक्या लवकर का सडतं? मीठ. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकून बघितलं. महायुद्धानंतर ती सवय देशभर झाली. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं काम देत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे बर्फ वितळून रस्ता कोरडा झाला तरी प्लगाच्या आत बसलेला थर ओलाच राहतो. रत्नागिरी-मालवणकडे स्कूटरच्या बॅटरीचे टर्मिनल जसे खारट हवेने खराब होतात, तेच रसायन इथे फवाऱ्यासारखं तोंडावर मारलं जातं. त्यात वाहता प्रवाह असला की तांबं अधिक वेगाने झिजतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे वायरीच्या बारीक तारांमधल्या फटींतून खारं पाणी केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत वीतभर सरकतं. बाहेरून वायर नवी, आत हिरवी माती. अशी वायर बोटांत धरून वाकवली की निरोगी वायरीसारखी उसळत नाही, मऊ पडल्यासारखी लागते. टोक कापून नवं टर्मिनल लावायचं तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जावं लागतं.

याच कारणाने एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: टेस्ट लॅम्पची सुई वायरीच्या सालीतून भोसकू नका. भोसकून तपासणं सोपं असतं, काम लगेच होतं, आणि त्या भोकातून पुढच्या आठवड्यात मीठ आत शिरतं. कित्येक प्लाऊच्या वायरींच्या जुडग्यात मूळ बिघाडापेक्षा तपासणाऱ्यांनी पाडलेली भोकं जास्त असतात.

थंडीही आपला वाटा उचलते. उणे अठरा अंशांना शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, तेल घट्ट होऊन मोटरला जास्त ओढावं लागतं, आणि त्याच वेळी हीटर, वायपर, दिवे सगळं चालू असतं. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर पुरा पडत नाही. पहिला तासभर प्लाऊ चांगला चालला आणि मग सुस्तावला, तर प्लाऊला हात लावण्याआधी बॅटरी भाराखाली तपासावी.

एक बिघाड मात्र निवांत तपासायचा नसतो. रिलेचे संपर्क ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले की मोटर बटण सोडल्यावरही फिरत राहते, कंट्रोलर बंद केला तरी फिरते, किल्ली काढली तरी फिरते. तेव्हा कारणमीमांसा नंतर. आधी जाळीजवळचा मोठा प्लग ओढून काढायचा. काही मिनिटं उशीर झाला तर मोटर जळते, आणि आग मोटरपाशीच थांबेल याची खात्री नसते.

उलट काही तक्रारी बिघाडच नसतात. "पातं आपोआप पडतं" म्हणणाऱ्याने अनेकदा "खाली" चं बटण जरा जास्त वेळ दाबून धरलेलं असतं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्याने पातं मोकळं सोडण्याची अवस्था सुरू होते, म्हणजे ते जमिनीच्या चढउतारावर आपोआप खालीवर होत राहावं. त्याचा छोटा दिवा कंट्रोलरवर लागतोही.

राहिले ते प्लग. प्लाऊ वर्षातले चार-पाच महिने काम करतो आणि उरलेला काळ अंगणाच्या कोपऱ्यात गवतात पडून असतो. डिसेंबरमध्ये दिसणारा बिघाड बहुतेक वेळा मे महिन्यातच सुरू झालेला असतो, कारण एप्रिलमध्ये प्लाऊ उतरवताना प्लगला टोपण लावलं नव्हतं, तोंड वर ठेवलं होतं आणि आतला खारा थर धुतला नव्हता. उतरवल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि टोपण घालून तोंड जमिनीकडे ठेवायचं. ते ग्रीस वीज वाहून नेत नाही, म्हणून काहींना ते पिनांवर लावायला नको वाटतं. पण पिना घट्ट बसल्या की धातूला धातू भिडताना ते बाजूला सरकतं आणि उरलेल्या फटी भरून पाणी बाहेर ठेवतं. पिना सैल असतील तर मात्र कितीही ग्रीस लावा, त्या आधी पकडीने अलगद आवळाव्या लागतात. ट्रकच्या बाजूचा प्लग सगळे विसरतात. तो जाळीला लटकलेला, टोपणाविना, उन्हाळाभर महामार्गावरचं पावसाचं पाणी झेलत असतो.